गोड्या पाण्यातील कार्प : चारा, आमिष आणि गळ टाकण्याची रीत

गोव्यातील गळ टाकणाऱ्याचा हात बहुधा खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात तयार झालेला असतो. भरती-ओहोटीची वेळ पाहायची, मानशीजवळ किंवा पुलाखाली उभे राहायचे, जिवंत कोळंबी गळाला लावायची आणि चोणक किंवा तांबोशी झडप घालण्याची वाट पाहायची, ही त्याची रीत. हाच माणूस गोड्या पाण्याच्या तळ्यावर कटला, रोहू किंवा सायप्रिनस पकडायला जातो तेव्हा पहिले काही दिवस रिकाम्या हाताने परततो. साहित्य तेच असते, चिकाटीही तीच असते. बदललेला असतो तो मासा. चोणक भक्ष्याचा पाठलाग करते. कार्प पाठलाग करत नाही. तो चरतो, चाखतो, नको ते थुंकून टाकतो. ज्याला शेवटा पिठाच्या गोळीवर पकडण्याची सवय आहे, त्याला हा फरक लवकर उमगतो. इतरांना तो शिकावा लागतो.

कार्प कुळातील हे मासे मूळचे आपल्या नद्यांतले नाहीत. कटला, रोहू आणि मृगळ हे उत्तरेकडील गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतले. 1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्पचे प्रजनन घडवून आणले. तोपर्यंत बीजासाठी पावसाळ्यातील नद्यांवरच विसंबावे लागे. या यशानंतर देशभर तळ्यांतून आणि धरणांतून बीज सोडणे शक्य झाले. 10 जुलै हा दिवस त्याच प्रयोगाच्या स्मरणार्थ राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. सायप्रिनस, म्हणजे सामान्य कार्प, आणखी दूरचा. त्याची एक जात 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणली गेली आणि दुसरी 1957 मध्ये बँकॉकहून आली. गवत्या आणि चंदेरा हे त्यानंतर दोन वर्षांनी आले. आज राज्यातील गोड्या पाण्यात जो कार्प गळाला लागतो, तो जवळपास नेहमीच कुणीतरी सोडलेल्या बोटभर पिल्लाचा मोठा झालेला मासा असतो.

तोंड पाहून खोली ठरवावी

नवशिक्याची पहिली चूक आमिषात नसते, खोलीत असते. तीन देशी कार्प एकाच तळ्यात सोडले जातात ते याच कारणाने, की ते एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले. तो पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचा खालचा ओठ झालरीसारखा असतो. तो मधल्या थरात वावरतो, शेवाळ आणि कुजकी पाने कुरतडतो. मृगळाचे तोंड खाली झुकलेले असते आणि तो तळाच्या गाळातून अन्न वेचतो. सायप्रिनसही तळाचाच, पण त्याची पद्धत वेगळी. त्याचे तोंड नळीसारखे पुढे येते, चिखल आत ओढते, त्यातील दाणा ठेवून बाकीचे बाहेर फेकते. ओठांजवळच्या मिशांच्या दोन जोड्यांवरून तो चटकन ओळखू येतो.

यावरून गळाची खोली ठरते. कटल्यासाठी तरंडा असा बांधावा की आमिष पृष्ठभागाखाली दोन ते चार फुटांवर लोंबत राहील. मृगळ आणि सायप्रिनससाठी आमिष तळावर टेकलेले हवे. रोहूसाठी पुस्तकी उत्तर मधला थर असे आहे; पण चारा टाकलेल्या जागी रोहूही खाली उतरतो. म्हणून तळापासून वीतभर वर किंवा अगदी तळाला टेकून, अशा दोन्ही खोल्या आलटून-पालटून पाहाव्यात. पाण्याची खोली आधी मोजणे हे कंटाळवाणे काम असले तरी टाळू नये. गळाला शिशाचा जड तुकडा अडकवून तरंड्यासह टाकावा. तरंडा बुडाला तर तो शिशापासून आणखी वर सरकवावा, आडवा पडून राहिला तर खाली आणावा. त्याचे टोक पाण्याच्या पातळीशी आले म्हणजे खोली मिळाली. अशी पाच-सहा ठिकाणे मोजली की तळाचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. उथळ भाग जिथे एकदम खोल होतो ती कड, जुन्या बांधाचा बुडालेला उंचवटा, पाणवनस्पतींच्या पट्ट्याची बाहेरची बाजू या जागा कार्पच्या येण्याजाण्याच्या असतात.

चारा थोडा, पण पुनःपुन्हा

चारा आणि आमिष हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. इथे मात्र ते वेगळे ठेवणे सोयीचे आहे. पाण्यात मोकळे टाकायचे ते चारा, गळावर लावायचे ते आमिष. चाऱ्याचे काम माशाला जागेवर आणणे आणि तिथे रेंगाळत ठेवणे, एवढेच. त्याचे पोट भरणे हे नव्हे.

याचे कारण कार्पच्या शरीरात आहे. या माशाला जठर नसते. अन्न घशातील दातांनी दळले जाते आणि सरळ आतड्यात जाते. म्हणूनच तो एकदाच भरपेट जेवत नाही, दिवसभर थोडेथोडे चरत राहतो. तळ्यात एकाच वेळी पाच किलो पेंड ओतणाऱ्याला वाटते की आपण मेजवानी मांडली. प्रत्यक्षात इतक्या अन्नात गळावरची एक गोळी हरवून जाते, मासे कडेकडेने खाऊन निघून जातात आणि उरलेली पेंड तळाशी आंबून पाण्यातील प्राणवायू संपवते. लहान तळ्यात उन्हाळ्याच्या दिवसांत हे माशांच्या जिवावर बेतू शकते. तळ्याचा मालक दुसऱ्यांदा येऊ देत नाही, तेव्हा त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

साधा आणि भरवशाचा चारा असा : दोन वाटे तांदळाचा कोंडा, एक वाटा शेंगदाण्याची पेंड कुटून, मूठभर जाडे पोहे किंवा चुरलेला शिळा पाव. पाणी थोडेथोडे शिंपडत मिश्रण असे भिजवावे की मुठीत दाबल्यावर गोळा होईल आणि बोटाने ढकलल्यावर फुटेल. खोल पाण्यात गोळा तळापर्यंत न फुटता जावा यासाठी त्यात थोडी बारीक माती मळतात. कटल्यासाठी उलट हवे : कोंडा अधिक, माती अजिबात नाही, म्हणजे गोळा पाण्यात पडताच फुटतो आणि वरच्या थरात धुक्यासारखा ढग तयार होतो. सुरुवातीला संत्र्याएवढे चार-पाच गोळे एकाच जागी टाकावेत. त्यानंतर साधारण वीस मिनिटांनी लिंबाएवढा एक. मासा गळाला लागला की एक गोळा अधिक. तासभर काहीच हालचाल नसेल तर चारा वाढवू नये. जागा किंवा खोली बदलावी. सलग दोन-तीन दिवस एकाच वेळी, एकाच जागी थोडा चारा टाकून चौथ्या दिवशी गळ घेऊन बसणे ही जुनी युक्ती आहे. ज्याचे घर तळ्याजवळ आहे त्याला तिच्याइतकी फलदायी दुसरी कुठली युक्ती क्वचितच सापडेल.

गळावरचे आमिष

कणकेची गोळी हे भारतीय कार्पचे सर्वांत रुळलेले आमिष. कणीक आणि भाजलेले बेसन निम्मेनिम्मे घेऊन, चाऱ्यातलीच थोडी पेंड मिसळून घट्ट मळावे. चाऱ्याचा आणि आमिषाचा वास एकच असणे महत्त्वाचे. मेथी, बडीशेप, हिंग, वेलची यांची चिमूट घालण्याचा प्रघात देशभर आहे आणि प्रत्येक जुना गळवाला आपला मसाला गुप्त ठेवतो. या गुप्ततेला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. वासापेक्षा गोळीचा घट्टपणा अधिक निर्णायक ठरतो. ती फार मऊ असेल तर हवेतच सुटते. फार कडक असेल तर मासा ओठाने चाचपून सोडून देतो. एक गोळी बादलीभर पाण्यात टाकून पाहावी. वीस मिनिटांनी तिचा बाहेरचा थर विरघळू लागला असेल आणि गाभा शाबूत असेल, तर कणीक जमली. सुटत असेल तर कापसाचे विंचरलेले धागे पिठात मळावेत. त्यांनी गोळी धरून राहते.

पाव हे तर गोव्यात हाताशी असलेले आमिष. मऊ भाग चिमटीत दाबून गळाच्या देठाभोवती बसवावा, टोक मोकळे ठेवावे. पावाचा वरचा कडक पापुद्रा तरंगतो, हेही उपयोगाचे आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड वॉकर यांनी 13 सप्टेंबर 1952 रोजी रेडमायर तळ्यात पकडलेला 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे 20 किलोंचा कार्प अनेक वर्षे तिथला विक्रम होता. त्यांच्या गळावर पिठाची गोळी आणि पावाचा पापुद्रा एवढेच होते. पापुद्र्याने गोळीचे वजन हलके केले आणि ती गाळात रुतली नाही. ज्या तळ्याचा तळ चिखलाचा आहे तिथे हीच जोडी आजही करून पाहण्यासारखी आहे.

गांडूळ सायप्रिनस आणि मृगळ दोघांनाही चालते, पण त्यावर लहान मासेही तुटून पडतात. लहान माशांचा उपद्रव असेल तेव्हा मक्याचे दाणे बरे. सुके दाणे चोवीस तास भिजवून, नंतर अर्धा तास उकडूनच वापरावेत. कोरडा दाणा माशाच्या आतड्यात फुगतो. बंगालमध्ये लाल मुंग्यांच्या अंड्यांना रोहूसाठी मोठी मागणी असते. ज्याला मुंग्यांचे घरटे काढण्याची हौस आहे त्याने ते करावे, नवशिक्याला त्याची गरज नाही.

मक्याचा दाणा गळावर थेट टोचण्याऐवजी गळाच्या देठापासून निघालेल्या बारीक दोऱ्यावर ओवण्याची एक रीत आहे. 1980 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी ती रूढ केली. सुरुवातीला त्यासाठी माणसाचा केस वापरला गेला, म्हणून तिला ‘हेअर रिग’ म्हणतात. कार्प आमिष तोंडात ओढतो, संशय आला की फुंकरीसरशी बाहेर टाकतो. आमिष गळावर नसून गळाशेजारी असल्याने बाहेर फेकताना मोकळे टोक खालच्या ओठात रुतते. तळाशी 40 ते 60 ग्रॅमचे शिसे असेल तर मासा स्वतःच्या ओढीनेच अडकतो. सायप्रिनससाठी याहून सोपे साधन नाही. वर पाहून खाणाऱ्या कटल्याला मात्र ते फारसे लागू पडत नाही.

बाजारात कार्पसाठी म्हणून आणखी एक तयार साधन मिळते : मधोमध पिठाचा मोठा गोळा आणि त्याभोवती लोंबणारे सहा-आठ गळ. मासा गोळ्याला तोंड लावतो आणि आजूबाजूच्या गळांपैकी एखादा त्याच्या ओठात शिरतो. अनेकदा तो डोळ्यात, कल्ल्यात किंवा पोटातही शिरतो. दोरा तुटला तर उरलेले गळ घेऊन मासा झाडीत अडकून मरतो. या साधनाने मासे मिळतात यात शंका नाही. शिकणाऱ्याने मात्र ते घेऊ नये. एकाच गळावर मासा घेता येऊ लागला की या झुंबराची आठवणही राहत नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात. नऊ ते बारा फुटांची मध्यम ताकदीची दांडी, साधे स्पिनिंग रीळ, 0.28 ते 0.35 मिलिमीटर जाडीचा तंगूस आणि 4 ते 8 क्रमांकाचे गळ एवढे पुरे. क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो. रिळावर तंगूस काठापासून दोन मिलिमीटर खाली राहील इतका भरावा. कमी भरला की फेक आखूड पडते, जास्त भरला की गुंता होतो.

गळ टाकताना

समुद्रकिनाऱ्यावर दूर फेकणाऱ्याला मान असतो. तळ्यावर ती सवय आड येते. कार्प पहाटे आणि तिन्हीसांजेला काठापासून पाच-दहा मीटरवर चरत असतो, आणि नवशिक्या त्याच्या डोक्यावरून चाळीस मीटरवर गळ भिरकावतो. दूर जाण्यापेक्षा दर वेळी त्याच जागी पडणे हेच इथे कौशल्य आहे. कारण चारा एका जागी आणि आमिष दुसरीकडे असेल तर दोन्ही वाया.

फेकण्यापूर्वी शिसे दांडीच्या टोकापासून दोन ते अडीच फूट खाली लोंबत ठेवावे. तर्जनीने तंगूस दांडीशी धरावा, रिळाची तार उघडावी आणि मागे कुणी नाही याची खात्री करावी. दांडी डोक्यावरून थोडी मागे न्यावी. मग वरच्या हाताने पुढे ढकलत आणि खालच्या हाताने आपल्याकडे ओढत एकाच लयीत ती पुढे आणावी. झटका देऊ नये. झटक्याने कणकेची गोळी तिथेच सुटते आणि रिकामा गळ पाण्यात जातो, हे तासाभराने लक्षात येते. दांडी डोळ्यांसमोर तिरकी आली की तर्जनी सोडावी. शिसे हवेत असताना दांडीचे टोक लक्ष्याकडेच असावे. पाण्याला टेकण्याच्या क्षणी बोटाने सुटणारा तंगूस हलकेच अडवला की शिसे धपकन न पडता अलगद उतरते.

या अलगदपणाचे मोल कार्पच्या बाबतीत विशेष आहे. या कुळातील माशांच्या वाताशयापासून अंतःकर्णापर्यंत लहान हाडांची साखळी असते. तिच्यामुळे त्यांना बहुतेक माशांपेक्षा अधिक स्पष्ट ऐकू येते. काठावर आपटलेला डबा, जड पावले, चारा टाकलेल्या जागी थेट कोसळलेले शिसे हे सारे त्यांच्यापर्यंत पोहोचते. म्हणून गळ जागेच्या दोन-तीन मीटर पलीकडे टाकावा आणि सावकाश गुंडाळत जागेवर आणावा. हेअर रिग वापरताना मात्र तो तळावरून ओढू नये, कारण टोकात पाला अडकतो. तिथे थोड्या अंतरावर पण नेमके टाकणेच योग्य.

नेमकेपणासाठी दोन खुणा हव्यात. दिशेसाठी समोरच्या काठावरचा एखादा माड किंवा खांब ठरवावा. अंतरासाठी, फेक बरोबर पडली की रिळाच्या कडेला असलेल्या खाचेत तंगूस अडकवावा. पुढची प्रत्येक फेक तिथेच थांबते. मोठा मासा अपेक्षित असेल तर गळ स्थिरावल्यावर तंगूस खाचेतून काढून मोकळा करावा आणि अंतराची खूण म्हणून तिथे तंगुसावर रंगीत दोऱ्याची गाठ मारावी. झाडाच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या असतील तिथे डोक्यावरून फेकणे व्यर्थ. आमिष हातात धरून लोलकासारखे पुढे सोडावे. पाच-सात मीटरला ते पुरते.

वाऱ्याबाबत एक अडचण आहे. वारा पाठीशी असला की फेकणे सोपे, म्हणून सारे त्याच काठाला बसतात. पण वाऱ्याने पृष्ठभागावरचे कोमट पाणी आणि त्यातले अन्न समोरच्या काठाला लोटले जाते, आणि कार्प त्यामागे जातो. तोंडावर वारा घेऊन आखूड फेक करणाऱ्याच्या पदरात बहुधा जास्त पडते.

चाहूल आणि ओढ

तरंडा नुसता थरथरला तर हात उचलू नये. रोहू ओठाने चाचपत असतो. तरंडा तिरका होऊन सरकू लागला की दांडी मनगटाने वर घ्यावी. मृगळाने तळावरचे आमिष उचलले की तरंडा बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो, ही खूण पुष्कळांना ठाऊक नसते. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची ओळ किंवा गढूळ ढग दिसला तर तळाशी सायप्रिनस चरत आहे असे समजावे. ढगाळ रात्रीनंतर पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडत असतील, तर मात्र ती भूक नव्हे. पाण्यात प्राणवायू कमी पडलेला असतो आणि मासे हवेसाठी धडपडत असतात. अशा वेळी चारा टाकणे घातक. गळ गुंडाळून तळ्याच्या मालकाला कळवणे बरे.

मासा लागल्यावर त्याला ओढत आणण्याची घाई करू नये. रिळाचा ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या सुमारे चौथ्या हिश्श्यावर सैल ठेवावा, दांडी वाकलेली राहू द्यावी. जाळी आधी पाण्यात बुडवून माशाला तिच्यावर आणावे; जाळी माशामागे पळवली की तो शेवटची उसळी मारतो आणि तंगूस तुटतो. सोडायचा असेल तर हात ओले करून धरावा, खायचा असेल तर लगेच मारावा. पिशवीत तडफडत ठेवू नये. पकडलेला जिवंत मासा दुसऱ्या तळ्यात किंवा नदीत सोडण्याचा मोह टाळावा. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि जिथे तो नव्हता तिथल्या पाणवनस्पती उपटतो.

धरणांचे जलाशय हे पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत. तिथे संबंधित खात्याच्या परवानगीविना गळ टाकू नये. खासगी किंवा गावच्या तळ्यावरही आधी विचारावे. जलाशयांचे काठ पाणी ओसरल्यावर चिकट आणि घसरडे होतात आणि दोन पावलांत पाणी खोल जाते. राज्यातील काही पाणथळ जागी मगरींचा वावर आहे. एकट्याने, अंधारात, पाण्यात उतरून गळ टाकणे हे शिकण्याच्या दिवसांत तरी नको. तुटलेला तंगूस गुंडाळून घरी आणावा, कारण पाणकावळे आणि ऊद त्यात अडकतात.

उरलेली कणीक ओल्या फडक्यात गुंडाळून थंड जागी ठेवली तर दुसऱ्या दिवशीही चालते. मक्याचे दाणे उकडलेल्या पाण्यातच ठेवावेत. दोन दिवसांत ते आंबूस आणि चिकट होतात, वासही उग्र येतो. ते फेकून देण्याचे कारण नाही, सायप्रिनस ताज्या दाण्यांपेक्षा त्यांच्यावर अधिक येतो.